पॅसेजची उजवी भिंत

सोमवार

सलून भाच्याच्या हवाली केल्यापासून माझ्या तोंडाला काम उरलेलं नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या डोक्यावर कात्री चालवली, पण कात्रीपेक्षा जीभच जास्त चालायची. आता घरात ऐकायला ही एकटी, आणि हिला माझे सगळे किस्से तोंडपाठ. म्हणून ही वही आणली. वही मध्येच "हे सांगून झालंय" असं म्हणत नाही.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. नवीन काही नाही, म्हणजे चांगलंही काही नाही. हिची नजर कडेकडून आत आटत चालली आहे आणि ती थांबवता येणार नाही, हेच त्यांनी पुन्हा सांगितलं. घरात वावरण्यापुरतं किती दिसत असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ते त्यांनाच विचारा." बाहेर आल्यावर विचारलं. ही म्हणाली, "दिसतं हो. तुम्ही दिसता, रस्ता दिसतो. आणखी काय बघायचंय या वयात?" माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, महिनाअखेर मी येतेय. आईला घरात एकटीने वावरता येतं का, ते माझ्या डोळ्यांनी बघणार. नसेल येत तर दोघांना इकडे घेऊन येणार, आणि या वेळी तुमचं काही ऐकणार नाही." लेक शब्दाची पक्की, आईवर गेलेली. ही शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला हे घर सोडायचं नाहीये." तेवढंच बोलली आणि भाजी निवडायला लागली. हिने संसारात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, त्यामुळे एकदा मागितलं की मला झोप लागत नाही.

बुधवार

खिडकीच्या बिजागरीला लावायला डबीभर रंग आणायला गेलो आणि वेगळंच खूळ घेऊन आलो. दुकानात नमुन्याच्या पाट्या टांगल्या होत्या. एक खडबडीत, एक लाटांची, एक बारीक रेघांची. याला टेक्स्चर म्हणतात, भिंतीवर जाडसर थर देऊन त्यात नक्षी काढायची. रंगवाला दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता, तोवर मी डोळे मिटून पाट्यांवरून बोटं फिरवली. प्रत्येक पाटी हाताला वेगळी लागत होती. म्हटलं, उद्या हिची नजर पार गेलीच, तर भिंतीच हिला सांगतील की बाई, तू अमुक ठिकाणी आहेस. लेक आली की दाखवायचं, बघ तुझी आई, कुणाचा हात न धरता फिरतेय.

रंगवाला म्हणाला, "काका, तुमच्या भिंतीला आधीचा ऑइलपेंट आहे ना? मग लगेच टेक्स्चर लावायला जाऊ नका. धुवा, चकाकी जाईस्तोवर पॉलिश पेपर मारा, भेगा भरा, प्रायमर द्या. लावायचं काम थोडं, तयारीच फार."

मी म्हटलं, "मला सांगताय? वस्तरा शेवटी येतो, त्याच्या आधी साबणच चोळावा लागतो."

घरी येऊन हिला बेत सांगितला. वाटलं होतं खूश होईल. ही म्हणाली, "राहू द्या ना आहे तसं." मी म्हटलं, तुझ्यासाठीच करतोय. "करायचंच असेल तर पॅसेज शेवटी घ्या," म्हणाली. हे काही मला पटलं नाही. दोन खोल्यांतून स्वयंपाकघरात जायला तो लांबट पॅसेज हाच एक रस्ता. त्याच्या शेवटी खाली उतरायची पायरी. हिची सगळी ये-जा तिथूनच, मग सुरुवात तिथून नको का? बायकांना जुन्या गोष्टींचा लळा असतो, दुसरं काय.

गुरुवार

भिंत धुतली. सलूनमधली जुनी अंगावर टाकायची कापडं जमिनीवर अंथरली, फोटो उतरवले, बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि स्पंज घेऊन लागलो. स्वयंपाकघराकडच्या बाजूला तेलकट वाफेचा चिकट थर होता, तो निघता निघेना. त्याहून वैताग आणला एका पट्ट्याने. पॅसेजच्या उजव्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांचा मळकट पट्टा. लहान मूल असलेल्या घरात असतो तसा. मी म्हटलं, "अगं, भिंतीला हात लावत चालतेस की काय?" ही म्हणाली, "सवय असते एकेकाला." पट्टा पार काढून टाकला. पॅसेजच्या तोंडाशी माझी खुर्ची असते, तिच्यामागे माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता, तोही घासून काढला. स्वतःच्या डोक्याची एवढी घाण बघून लाज वाटली.

दुपारी ही चहा घेऊन आली. मी फाटका बनियन, चड्डीवर साबणाचे ओघळ, अशा अवतारात उभा. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "हा शर्ट छान दिसतो तुम्हाला." टोमणे मारण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

शनिवार

आज तोंडावर आपटलो. मला धीर कुठला? चकाकी काढायच्या आधीच कोपऱ्यात वीतभर जागेवर टेक्स्चर लावून पाहिलं होतं. सकाळी नख लावलं तर अख्खी पापडी सुटून हातात आली, खाली जुना ऑइलपेंट जसाच्या तसा हसत होता. रंगवाल्याचं ऐकायला हवं होतं. मग मुकाट पॉलिश पेपर घेतला आणि भिंत घासायला लागलो. घासलं की आधी पांढरे ओरखडे येतात, मग हळूहळू सगळी भिंत आंधळी होते, म्हणजे तिच्यात उजेड दिसेनासा होतो. तशी झाली की समजायचं, आता ती नवं काही धरेल. ब्लेडने बारीक फुली मारून, तिच्यावर चिकटपट्टी दाबून ओढून पाहिली. रंग सुटून आला नाही.

धूळ मात्र मी म्हणत होती. माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. ही आत खोलीत दार लावून बसली होती, पण सारखी विचारत होती, "कुठवर आलात?" मी म्हणायचो, न्हाणीच्या दारापर्यंत. थोड्या वेळाने पुन्हा, "आता कुठवर?" म्हणजे आतून हौस आहे, फक्त कबूल करायची नाही.

सोमवार

आज खरी कलाकारी. पॅसेजच्या भिंतीला दुखणी काय कमी होती? न्हाणीच्या दाराअलीकडे एक बिनकामाचा खिळा, कधी काळी कॅलेंडरसाठी ठोकलेला. पकडीने उपटला, भोक बुजवलं. मध्यावर कपाट आत नेताना पडलेला खोक, त्यात पुट्टी भरली. आणि पायरीच्या अगदी अलीकडे छतापासून खाली आलेली ती जुनी भेग. तिला आधी पत्र्याच्या टोकाने उकरून मोठी केली, सुटलेलं सगळं झाडून काढलं, ओली करून पुट्टी दाबून बसवली, वाळल्यावर घासली, पुन्हा एक हात दिला, पुन्हा घासली. आता तिथून बोट फिरवलं तर भेग होती हे सांगूनही पटणार नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा गाल करायचो, तसा झालाय.

हिला हाक मारून म्हटलं, हात लावून बघ, अगदी नवरदेवाचा गाल. हिने लावला. बराच वेळ लावला. "गुळगुळीत झाली," म्हणाली. माझी मान ताठ झाली.

मंगळवार

ही पडली. स्वयंपाकघराची पायरी चुकली आणि हातावर आपटली. मनगट सुजलंय, मोडलेलं नाही, असं दवाखान्यात सांगितलं. पट्टी बांधून आणलं. धुळीवरून पाय सरकला असणार, मी नीट पुसून घ्यायला हवं होतं. वर्षानुवर्षं हजार वेळा उतरलेली पायरी. मी लगेच सगळी फरशी ओल्या फडक्याने पुसून काढली. ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी विचारलं, फार दुखतंय का? "नाही," म्हणाली.

गुरुवार

काल प्रायमर दिला. पॅसेज पांढराफटक दिसतोय, सुरेख.

पण हिचं काही खरं नाही. पाणी हवं असेल तर मला हाक मारते. न्हाणीत जायचं तर म्हणते, "जरा हात द्या." परवापर्यंत ही एकटी उठून चहा करून आणत होती. आज सकाळी न्हाणीचं दार ओलांडून पुढे गेली आणि मध्येच थांबली, हरवल्यासारखी. चार दिवसांत नजर इतकी उतरते का? मला फार भीती वाटली.

ही झोपल्यावर मी लेकीला फोन केला. म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत थांबू नकोस. तुझंच बरोबर होतं. आईला इथं जमत नाहीये." ती म्हणाली, "रविवारी निघते. तुम्ही सामान बांधायला घ्या." फोन ठेवून वळलो तर ही दारात उभी. रागावली असती, बिनपाण्याने केली असती, तर बरं वाटलं असतं. ही चाचपडत परत जाऊन झोपली.

हिला दिलेला शब्द मी मोडला. खरं तर शब्द दिला नव्हता, पण हिने मागितलं होतं, ते दिल्यासारखंच होतं.

शुक्रवार

सगळं नीट लिहितो, कारण हे विसरायचं नाहीये.

दुपारी भाच्याकडे खोकी आणायला गेलो होतो, सामान बांधायला. परत आलो तर दार उघडल्याचं हिला कळलं नसावं. ही पॅसेजमध्ये उभी होती. पट्टी बांधलेला हात छातीशी, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीवर. तळवा वर नेत होती, खाली आणत होती, पुन्हा वर. भाकरी थापताना जशी बोटं चालतात तशी बोटं चालत होती. मग कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली. रडत होती, आवाज न करता.

मी जवळ जाऊन म्हटलं, "काय शोधतेस?"

ही दचकली नाही. म्हणाली, "खिळा कुठे गेला?"

"कुठला खिळा?"

"न्हाणीच्या आधीचा. तो लागला की दोन पावलांवर दार."

मला काहीच उमगेना. मी म्हटलं, "तो बिनकामाचा होता म्हणून काढला."

"बिनकामाचा," ही म्हणाली. "आणि मधला खोक? आणि पायरीआधीची भेग? बोट भेगेत गेलं की मी पाय खाली टाकायचे. सगळं भरून टाकलंत. कसं नेटाने भरलंत."

मी तिथेच खाली बसलो. म्हटलं, "अगं, पण तुला दिसत होतं ना?"

"नाही दिसत. उजेड आहे की अंधार, तेवढं कळतं. बरेच दिवस झाले. डॉक्टरांना मीच म्हटलं होतं, तुम्हाला सांगू नका."

"आणि माझा शर्ट?"

"कुठला शर्ट?"

आमच्या धंद्यात बोटांनी बघायचं असतं. गालावर उलटं बोट फिरवलं की कुठे खुंट राहिलाय ते मला आरशाआधी कळायचं. आणि माझ्याच घरात माझी बायको रोज बोटांनी भिंत वाचत चालत होती, तिच्या हाताचा पट्टा मी साबणाने धुतला, आणि वर तिलाच दटावलं. मला रडू आलं. आलं तसं येऊ दिलं.

ही माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मी म्हटलं, "सांगितलं का नाहीस? मी घासत होतो तेव्हा तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही लेकीला सांगितलं असतंत. तुमच्या पोटात काही राहत नाही. आणि शेवटी सांगितलंतच." हे बोलताना हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. "शिवाय तुम्ही इतक्या हौसेने करत होतात. म्हटलं, हात नवं शिकेल. पण शिकायला धरायला तरी काही हवं ना. सगळीकडे तुमचा तो नवरदेवाचा गाल."

थोड्या वेळाने म्हणाली, "खुर्चीमागचा तेलाचा डागपण काढलात ना? तिथे भिंत मऊ लागायची. तिथे हात आला की मला कळायचं, तुम्ही बसलाय की उठून गेलाय. बसला असाल तर ऊब असायची."

मी उठून खुर्ची पुन्हा त्या भिंतीला टेकवली.

शनिवार

काल संध्याकाळी बसलोच नाही. टेक्स्चरचा डबा उघडला. हिला पॅसेजमध्ये स्टूल देत होतो, हिने नको म्हटलं, चालतच दाखवणार म्हणाली. पायरीपासून उलटं सुरू केलं. ही पायरीवर बसली, मग उभी राहिली, हात जिथे सहज पडतो तिथे मला पेन्सिलने खूण करायला लावली. तिथून सगळी भिंत मागे मागे मोजत आलो, माझ्या पट्टीने नाही, हिच्या पावलाने.

माझा बेत होता लाटा, रेघा, खडबडीत असा, पाट्यांवर होता तसा. हिने सगळा मोडीत काढला. "अख्खी भिंत बोलायला लागली तर मला ऐकू काय येणार? जिथे सांगायचं तिथेच सांगू दे." पटलं मला. एवढ्या वर्षांच्या बडबडीत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कमरेच्या उंचीवर फक्त हातभर रुंद पट्टा घेतला, साधा, बारीक रेघांचा, रस्त्यासारखा. रेघा ओढायला दुकानातलं हत्यार घेतलं नाही, माझे जाड दातांचे कंगवे घेतले. थर फार ओला असला तर रेघ बुजते, फार वाळला तर कंगवा अडकून फाटते. मधली वेळ हाताला कळते. ती मला कळत होती.

न्हाणीआधी हिने स्वतः ओल्या थरात अंगठा दाबून खड्डा केला. पायरीआधी रेघा तोडून तीन बोटं आडवी ओढली, खोल. "इथे चुकायचं नाही मला," म्हणाली. हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता, मनगटाच्या पट्टीलाही लागलं. मी हिचे हात धुतले. धुताना आम्ही दोघं उगाच हसत होतो.

आज दिवसभर वाळायला ठेवलं, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून. दुपारी हिला ही वही पहिल्यापासून वाचून दाखवली. हल्ली उघडी राहिली तरी डोकावत कशी नाही, असं मला वाटायचं. शर्टाच्या जागी आल्यावर ही म्हणाली, "मग काय घातलं होतंत?" मी सांगितलं. हिला हसता हसता ठसका लागला.

मी म्हटलं, "उद्या लेकीसमोर चालून दाखव. दिसतंय असंच वाटेल तिला." हिने माझ्या हातातली वही मिटली. "नाही," म्हणाली. "आता पुरे ते."

रविवार

लेक आली, हातात रिकाम्या बॅगा घेऊन. आल्या आल्या भांडणाच्या तयारीतच होती, पदर खोचलेला. खोक्यांकडे बघून म्हणाली, "काहीच बांधलं नाहीत?"

ही खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "इकडे बस आधी. तुला सांगायचंय. मला आता काही दिसत नाही. तुझं तोंडही दिसत नाही. आणि मी इथेच राहणार आहे."

लेकीचा चेहरा उतरला. मला वाटलं मध्ये बोलावं, समजावावं, पण हिने माझ्या दिशेने हात वर केला, म्हणजे तोंड मिटा. हिने बरोब्बर माझ्याकडेच केला. लेक रडायला लागली. "किती दिवस, आई? आणि मला फोनवर सांगत होतीस, अमक्याची साडी बघितली, तमकं बघितलं..." ही म्हणाली, "भ्यायले होते. घर गेलं तर मी कुठे आहे तेच मला कळणार नाही. तुझ्याकडे तू मला उचलून ठेवशील तिथे मी बसून राहीन. म्हणून खोटं बोलले."

मग ही उठली. लेकीला उभं केलं. "डोळे मीट," म्हणाली. "उघडू नकोस, मी आहे." तिचा उजवा हात घेऊन भिंतीवर ठेवला आणि स्वतः मागे राहिली. आमची एवढी मोठी लेक, दोन मुलांची आई, नाक ओढत, डोळे मिटून पॅसेजमधून चालायला लागली. पहिल्यांदा फार भीत भीत. अंगठ्याच्या खड्ड्याशी थांबली. "न्हाणी?" असं विचारलं. ही म्हणाली, "दोन पावलं." पुढे पाय जरा मोकळे पडायला लागले. तीन आडव्या बोटांशी तिने श्वास रोखलेला मी ऐकला. ही म्हणाली, "आता खाली पाय टाक. पायरी आहे." तिने टाकला. पायरी होती.

स्वयंपाकघरात उतरल्यावर तिने डोळे उघडले नाहीत. तशीच वळली, हात पुढे करून आईला शोधलं आणि मिठी मारली. दोघी कितीतरी वेळ तशा उभ्या होत्या. मी खोकी घडी घालून बाहेर ठेवली.

आता निघाली ती. बॅगा रिकाम्याच परत नेल्या. ती पटकन मानणाऱ्यातली नाही. दर आठवड्याला फोनवर हिला खरंखरं सांगावं लागणार, मी पोटात काही ठेवायचं नाही, गॅसच्या बटणांचं काय करायचं ते ती ठरवून सांगणार, असं सगळं बजावून गेली. चप्पल घालता घालता मला म्हणाली, "बाबा, माझ्याकडच्या भिंतींना करून द्याल का असं? आई कायमची राहायला नाही आली तरी चालेल. नुसती चार दिवस तरी येईल."

मी उत्तर द्यायच्या आधीच आतून हिचा आवाज आला. "यांना पाठवीन. पण घासायच्या आधी मला तुझ्या भिंतीवरून हात फिरवू दे."